सुपाचा लगदा आणि कागदाचा हत्ती

मागच्या वेळी आपण कोकमाच्या सालांविषयी बोललो होतो. आज बोलायचं आहे कागदाविषयी, आणि त्या कागदातून आम्ही केलेल्या एका हत्तीविषयी.

आमच्या गटातल्या एकीची लेक मुंबईला असते. तिच्या मुलाचा पहिला वाढदिवस कार्तिकात येणार होता. आजीच्या मनात नातवाला काहीतरी द्यायचं होतं. बाजारातलं बॅटरीवर चालणारं खेळणं घ्यायचं तर त्या महिन्याची बचत मोडावी लागली असती. शिवाय तिथे मुंबईत तसली खेळणी ढिगानं पडलेली. तेव्हा आमच्यातलीच एक म्हणाली, "आपण सगळ्या मिळून हत्ती करूया. कागदाचा. हादग्याला आपण हत्ती काढून त्याच्याभोवती फेर धरतो ना, तोच हत्ती उभा करायचा."

बोलणं सोपं होतं. करायला बसलो आषाढ संपताना, आणि श्रावणात आमचा पहिला हत्ती बसला. उभा केलेला अक्षरशः खाली बसला! पाय मऊ पडले, पोटावर हिरवी बुरशी आली, आणि सोंडेला कसर लागली. तेव्हा आम्हाला आमच्या वाडीतल्या एका आजींची आठवण झाली.

आजी दर उन्हाळ्यात सुपं आणि रोवळ्या सारवायच्या. तुमच्याकडेही हे होत असेल. बुरुडाकडून आणलेलं नवं सूप असो की फटी पडलेलं जुनं, त्याला रद्दीच्या लगद्यात मेथी वाटून घालून लिंपायचं आणि उन्हात ठेवायचं. वाळलं की सूप दगडासारखं होतं, फटीतून दाणा गळत नाही. उरलेल्या लगद्याची पालथ्या पातेल्यावर थापून टोपली करायची. त्या टोपलीत लसूण राहायची, शिवणाचं सामान राहायचं. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलेलं होतं. मेथीचा तो कडवट वास नाकात होता. पण मेथी किती, कागद किती दिवस भिजवायचा, पाणी कधी बदलायचं, हे एकीलाही ठाऊक नव्हतं. आजी जाऊन तीन वर्षं झाली होती. आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

त्या बुरशी आलेल्या हत्तीसमोर बसून आम्ही ठरवलं, की हे काम कुठून आलं ते आधी शोधायचं. जे सापडलं ते आज तुम्हाला सांगतो.

कागद हा पदार्थच मुळात टाकाऊतून जन्मलेला आहे. चीनमध्ये त्साय लुन नावाच्या अधिकाऱ्यानं इसवी सन १०५ च्या सुमाराला झाडाची साल, चिंध्या आणि मासे पकडायची जुनी जाळी कुटून कागद केला, असं तिथला इतिहास सांगतो. आपल्याकडे तोवर ताडपत्र आणि भूर्जपत्र चालत होतं. पुढे कागद आला आणि महाराष्ट्रात त्याची मोठी ठिकाणं झाली. दौलताबाद आणि खुलताबादच्या मधलं कागजीपुरा हे गाव तर नावानंच कागदाचं. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नरचा जुन्नरी कागदही प्रसिद्ध होता. जुनं गोणपाट, दोर, चिंध्या भिजवायच्या, कुटायच्या, धुवायच्या. त्याचा लगदा पाण्याच्या हौदात कालवायचा, चाळणीसारख्या साच्यावर उचलायचा आणि वाळवायचा. मग वर खळ द्यायची आणि गुळगुळीत दगडानं घोटायचं, म्हणजे शाई फुटत नाही.

भिजवणं, कुटणं, खळ देणं, उन्हात वाळवणं, घोटणं. ऐकताना काय आठवलं? आमच्या आजींचं सूपच की! कागजीपुऱ्याच्या कारागिराला हे काम कारागिरी म्हणून मिळालं आणि आजींना घरकाम म्हणून. त्यामुळे त्याच्या कामाचं नाव गावाला लागलं, आणि आजींच्या कामाला साधं नावही पडलं नाही.

आता रद्दीकडे या. आपल्या घरात कुटायला कागद आला तो मुख्यतः वर्तमानपत्राचा. मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र 'दर्पण'. ते ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघालं, म्हणून ६ जानेवारीला पत्रकार दिन असतो. ते काढणारे बाळशास्त्री जांभेकर पोंभुर्ल्याचे. पोंभुर्लं देवगड तालुक्यात. आज ते सिंधुदुर्ग जिल्ह्यात येतं, पण १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत तो सगळा भाग आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातच होता. म्हणजे मराठी वर्तमानपत्र सुरू करणारा माणूस आपल्याच जुन्या जिल्ह्यातला. वर्तमानपत्र मुंबईत छापायचं, चाकरमान्यानं ते गावाला आणायचं, वाचून झालं की त्यात काहीबाही बांधायचं, आणि शेवटी आजीनं ते भिजत घालायचं, असा तो प्रवास. कागद फेकायचा नाही, त्याला पाय लागला तर नमस्कार करायचा, हे आपल्या हाडात आहे. त्यामुळे तो शेवटी सुपाला लागला तरी वाया गेला असं कुणाला वाटलं नाही.

त्याच जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात सावंतवाडीही होती. आधी ते संस्थान होतं, स्वातंत्र्यानंतर ते विलीन होऊन रत्नागिरी जिल्ह्यात आलं. सावंतवाडीची लाकडी खेळणी आपल्याला माहीत आहेत. लाकडी फळं, भातुकली, रंगीत पाट. ही कामं करणारे चितारी. हेच चितारी आणखी एक वस्तू करायचे, ती म्हणजे गंजिफा. गंजिफा म्हणजे खेळायचे गोल पत्ते. दशावतारी गंजिफाच्या एका संचात १२० पत्ते असतात. दहा अवतारांचे दहा रंग, आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची पानं. आता अवतार आठवा. पहिला मासा, दुसरा कासव, तिसरा वराह, आणि शेवटच्या कल्कीबरोबर घोडा. म्हणजे जनावरं हातात घेऊनच खेळायचा तो डाव.

हे पत्ते कसे व्हायचे ते ऐका. कापडाचे किंवा कागदाचे थर एकमेकांवर चिकटवायचे. त्यासाठी खळ चिंचोक्याची. चिंचोके भाजायचे, सालं काढायची, भिजवून वाटायचे आणि शिजवायचे. आपल्याकडे घोंगडीला देतात तीच खळ. वर खडूचा लेप द्यायचा, दगडानं घोटायचं, गोल कापायचं, मग रंग, आणि शेवटी लाखेचा हात. इतकं केल्यावर पत्ता कोकणातल्या दमट हवेतही टिकायचा.

आणि या खेळाची आपल्या देशातली सुरुवातीची नोंद कुठे सापडते माहीत आहे? बाबर बादशहाच्या आठवणींत. १५२७ साली त्यानं सिंधमधल्या शाह हसनला गंजिफाचे पत्ते पाठवले. त्याला ते आवडत होते आणि त्यानं ते मागितले होते, म्हणून. बादशहानं पाठवलेली भेट, आणि ती काय, तर पत्ते! हे वाचल्यावर आमच्यातल्या आजीचा जीव भांड्यात पडला. ती म्हणाली, "मग माझ्या हत्तीला कोण हसेल?"

पण सावंतवाडीच्या गोष्टीतला खरा भाग पुढेच आहे. छापील पत्ते स्वस्तात मिळायला लागले आणि गंजिफाचं गिऱ्हाईक गेलं. चितारी दुसऱ्या कामांना लागले. १९७० च्या दशकापर्यंत अशी वेळ आली, की हे काम पुरतं जाणणारे पुंडलिक चितारी हे एक वयोवृद्ध कारागीर तेवढे उरले होते. एका माणसाच्या हातात सगळी विद्या. तेव्हा शिवरामराजे भोंसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी ते मनावर घेतलं. सत्त्वशीलादेवी स्वतः त्यांच्याकडून हे काम शिकल्या, तरुण मुलांना शिकायला बसवलं, आणि राजवाड्यातच काम सुरू केलं. २०१८ साली सत्त्वशीलादेवी वारल्या, पण राजवाड्यात आजही गंजिफा रंगवल्या जातात. तिथे जाल तर दरबाराच्या दालनात कारागीर मांडी घालून बसलेले दिसतील.

आम्ही हे वाचून गप्प झालो. सावंतवाडीत एक म्हातारा कारागीर होता, आणि वेळेत कुणीतरी त्याच्याकडे जाऊन बसलं. आमच्या वाडीत एक आजी होत्या, आणि आम्ही बसलो नाही. आमच्यात आणि त्यांच्यात फरक पैशाचा तर आहेच. राजवाडा आमच्याकडे नाही. पण विचारायला पैसे लागले नसते. दुपारची भांडी घासून झाल्यावर अर्धा तास लागला असता.

आता कुणी म्हणेल, गंजिफा ही कला, सूप ही गरज, पण कागदाचं जनावर हा पोरखेळ. त्यावरही थोडं सांगायचं आहे. जर्मनीत फ्रोबेल नावाच्या शिक्षकानं १८३७ साली लहान मुलांसाठी शाळा काढली. तिलाच पुढे बालोद्यान, किंडरगार्टन म्हणू लागले. मुलांच्या हातात द्यायच्या खेळण्यांना त्यानं नाव काय दिलं? 'भेटी'. लोकरीचा चेंडू ही भेट, लाकडी ठोकळे ही भेट, आणि पुढे घडी घालायचे कागदही त्यात आले. ही कल्पना आपल्या देशात पोचली. मद्रासकडच्या टी. सुंदरराव या गृहस्थांनी बालोद्यानातले घडीचे कागद पाहिले, आणि १८९३ साली कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं पुस्तक लिहिलं. पोरांच्या खेळातून निघालेलं ते पुस्तक पुढे अमेरिकेतही छापलं गेलं.

मग आपल्या कोकणाच्या उत्तर टोकाला, बोर्डीला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे १९५७ मध्ये त्या कोसबाडला गेल्या. परदेशी साधनं खेड्याला परवडणारी नव्हती. त्यांनी गावात मिळणाऱ्या वस्तूंतून, पानांतून, बियांतून, शंखशिंपल्यांतून मुलांची साधनं केली. अंगणात भरणारी शाळा, म्हणून अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ ला सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द घरोघर गेला. तेव्हा मुलाच्या हातात स्वतः केलेली वस्तू देणं याला चांगली परंपरा आहे. ती शिकवणाऱ्या आपल्याच बायका होत्या.

आता आमचा दुसरा हत्ती. पहिल्याच्या चुकांतून शिकलो, आजूबाजूच्या गावांतल्या चार म्हाताऱ्यांना जाऊन विचारलं, आणि प्रत्येकीनं थोडं थोडं सांगितलं. ते असं.

पहिली गोष्ट, पावसाळ्यात करायचा नाही. हस्त नक्षत्र म्हणजे हत्तीचा पाऊस, तो जाऊ द्यावा. हादगा झाला, दसरा झाला, ऊन तापायला लागलं की बसावं. 

दुसरी गोष्ट, वर्तमानपत्र कात्रीनं कापू नये, हातानं फाडावं. फाटलेल्या कडेला तंतू सुटतात आणि ते एकमेकांत धरतात. लगद्याचा कागद तीन-चार दिवस भिजवावा, रोज पाणी बदलावं, मग उखळात कुटून घट्ट पिळावा. 

तिसरी गोष्ट, मेथी. रात्री भिजवून पाट्यावर बारीक वाटावी. मेथी चिकट असते म्हणून लगदा धरून ठेवते, आणि कडू असते म्हणून किडा लागत नाही. प्रमाण एकीनं सांगितलं ते सोपं होतं: पिळलेल्या लगद्याच्या चार मुठींना एक मूठ वाटलेली मेथी.

चौथी गोष्ट फार महत्त्वाची. जुनी माणसं खळीत मोरचूद घालायची, म्हणजे कीड लागत नाही. ती पुस्तकं बांधायला ठीक. मोरचूद विषारी आहे. लहान मूल वस्तू तोंडात घालणारच, म्हणून खेळण्याच्या खळीत मोरचूद अजिबात घालू नये. रंगही गेरू, खडू असे साधेच घ्यावेत.

सांगाडा आम्ही पुठ्ठ्याचा केला. एका पुठ्ठ्यावर हत्तीची एक बाजू काढली, तीच उलटी करून दुसरी कापली. दोन्हींच्या मध्ये पुठ्ठ्याच्या आडव्या पट्ट्या लावल्या म्हणजे पोट आलं. घडी जिथे पाहिजे तिथे शाई संपलेल्या पेनानं पट्टी धरून रेघ दाबली, की पुठ्ठा मोडत नाही, नीट वळतो. जुन्या कॅलेंडरची पानं घट्ट गुंडाळून चार पाय केले. पहिल्या हत्तीचे पाय बारीक होते, म्हणून तो बसला. या खेपेला पाय जाड केले आणि थोडे फाकवून लावले. पोटात चोळामोळा केलेला कागद भरून दोऱ्यानं आवळलं. सोंडेत कामटी घातली. मग तांदळाच्या पिठाच्या खळीत बुडवलेल्या कागदाच्या पट्ट्या, एक थर उभा, दुसरा आडवा. प्रत्येक थर वाळल्यावरच पुढचा. घाई केली की आत ओल राहते आणि तीच बुरशी होते. सहा थरांनंतर मेथीच्या लगद्याचा पातळ हात. आधी दोन दिवस सावलीत, मग उन्हात. एकदम उन्हात ठेवला तर तडकतो. शेवटी गुळगुळीत गोट्यानं घोटला, खडूचा लेप दिला आणि गेरूनं झूल रंगवली.

सगळ्यांचे हात लागले. एकीला घड्या चांगल्या जमतात, एकीला घोटायला आवडतं, आणि जिला वाटायचं की आपल्याला काहीच येत नाही तिनं कान इतके सुरेख केले की आम्ही पाहत राहिलो. खर्च म्हणाल तर गेरू आणि खडूचा. बाकी सगळं घरातलं. आणि वेळ? तो मोजला तर बाजारातलं खेळणं स्वस्त पडेल. हे आम्ही लपवत नाही. विकायला ठेवायचा तर या हत्तीला आपल्या मजुरीसकट किंमत लावावी लागेल, नाहीतर आपण फुकट राबू. पण हा विकायचा नव्हता.

आपल्या कोकणात भेटी कुठून कुठे जातात याचा विचार करा. मुंबईचे चाकरमानी गणपतीला, शिमग्याला येतात. पूर्वी बोटीनं यायचे, मग एसटीनं, आणि १९९८ पासून कोकण रेल्वेनंही. येताना खाऊ, कपडे, खेळणी आणतात. आपण परत जाताना त्यांच्या पिशवीत कोकम, कुळथाचं पीठ, फणसपोळी भरतो. म्हणजे वस्तू तिकडून येते आणि हाताचं काम इकडून जातं. हिशेब कधी कुणी मांडला नाही, पण आपली बाजू कधी रिकामी नव्हती. त्यातच यंदा एक हत्ती गेला, आजीच्या मांडीवर बसून, रेल्वेनं.

नातवानं पहिल्याच दिवशी त्याचा कान चावला. दुसऱ्या दिवशी कान निघाला. आजीला जरा वाईट वाटलं, आम्हालाही वाटलं. पण संध्याकाळी मुंबईहून त्या लेकीचा फोन आला. ती विचारत होती, "आई, खळ किती पाण्यात शिजवायची? आणि मेथी वाटून घालायची की तशीच?"

आजीनं सगळं सांगितलं. मध्ये आम्हीही बोललो. तिनं लिहून घेतलं, आणि मुलाच्या शाळेच्या वयापर्यंत हत्ती टिकवायचा असं ठरवूनच फोन ठेवला.

मैत्रिणींनो, आमची एवढीच विनंती आहे. तुमच्या वाडीत सूप सारवणारी, वाकळ शिवणारी, माडाच्या हिरांचा केरसुणा बांधणारी एखादी आजी असेल. या आठवड्यात तिच्याजवळ जाऊन बसा. तिचं प्रमाण, तिची पद्धत, तिच्याच शब्दांत गटाच्या वहीत लिहून ठेवा, आणि वर तिचं नाव घाला. आमच्या वहीत आमच्या आजींचं नाव आहे, पण पुढचं पान कोरं आहे. ते आम्हाला चार गावं फिरून भरावं लागलं.